पेटीभर चिंता

माणसं आपलं लहानपण लिहून काढतात तेव्हा त्यात नदी असते, आंब्याचं झाड असतं, एखादे मारकुटे मास्तर असतात. माझं लहानपण चौथीत संपलं आणि त्यात शेण, भातलावणी आणि धाकट्या भावंडांची नाकं पुसणं याखेरीज लिहिण्यासारखं काही नाही. मी मोठी झाले ती चाळिशी उलटल्यावर, रत्नागिरीत, सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत, एका डिसेंबरात. त्याआधी मी नुसती वाढले होते. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा मुंबईला गेला आणि गणपतीला, शिमग्याला पाहुण्यासारखा उगवायला लागला. यातलं काहीही माणसाला मोठं करत नाही. दमवतं फक्त. म्हणून मी माझं मोठं होणं लिहायचं तर तिथूनच लिहिणार.

आम्ही चढावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, मी आणि माझी वैशाली. आमच्या खाली जैबुन राहायची. तिचा नवरा बोटीवर होता, म्हणजे तीही माझ्यासारखीच, नवरा असलेली एकटी बाई. आमच्या घरात आवाज खूप. सकाळी पहिला आवाज मशिदीतला, मग जैबुनच्या कोंबड्याचा, मग वळणावर गिअर बदलणाऱ्या एसटीचा, आणि शेवटी माझा स्वतःचा, वैशालीला उठवायला. ती नववीत होती आणि झोपायच्या बाबतीत तिच्या बापावर गेली होती. चुलीवर तांदळाची भाकरी, तव्यावर सुकट, आणि खालून जैबुनची हाक, "अगो, तुजी सुकट माज्या घरात शिरली, भाकरी पन धाड." त्या वर्षी रमजान आणि नाताळ एकाच महिन्यात आले होते, त्यामुळे ही हाक बंद झाली. तिचे रोजे चालू होते. मी सुकट भाजायचीच बंद केली. तिला वाईट वाटू नये म्हणून नव्हे. ती खालून मोठमोठ्याने नाकाने श्वास घ्यायची, ते मला ऐकवत नसे.

जैबुनही माझ्याबरोबर सिस्टरांच्याच शाळेत कामाला होती. ती झाडलोट आणि पाणी बघायची, मी ऑफिसची शिपाईण. घंटा द्यायची, हजेरीपट वर्गावर्गात फिरवायचे, आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर हरवल्या-सापडल्याची यादी लिहायची. "एक डबा, निळा. एक चप्पल, डावी. एक दात, कुणाचा ते सांगावे." ही यादी वाचायला पोरं गर्दी करायची. सगळ्या शाळेला माझं अक्षर माहीत होतं. मोठं, वाकडं, ओळीच्या वर चढणारं. शाळेत नोकरीला असलेल्यांच्या मुलांना फी माफ होती, म्हणून वैशाली तिथे शिकत होती. नाहीतर तसल्या शाळेच्या फाटकातून आत डोकावायचीही आमची ऐपत नव्हती.

आता खरं सांगते. शिपायाच्या जागेला सातवी पास लागायचं. आठ वर्षांपूर्वी क्लार्कने विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "सातवी." तो म्हणाला, "दाखला?" मी म्हटलं, "वाळवीने खाल्ला." कोकणात वाळवीवर कोणीही विश्वास ठेवतं, तिने माणसांची अख्खी घरं खाल्लेली असतात. तेव्हाच्या मदर म्हाताऱ्या होत्या, त्यांनी माझ्याकडून वर्तमानपत्रातली चार वाक्यं वाचून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे, वाचता येतंय." झालं. मी आठ वर्षं सातवी पास होते. हे जैबुनला माहीत होतं, आणि मला वाटत होतं की आणखी कोणाला माहीत नाही.

त्या वर्षी जूनमध्ये नव्या प्रिन्सिपल सिस्टर आल्या. सिस्टर जसिंता. केरळच्या. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तिच्यातून त्या एक ट्रंक आणि एक छत्री घेऊन उतरल्या. उंच, काळ्यासावळ्या, चष्मा नाकाच्या टोकाला. त्यांना मराठी येतं असं सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. ते आम्ही पहिल्याच दिवशी ऐकलं. मला म्हणाल्या, "मावशी, तू बसा." मी अर्धी बसले आणि अर्धी उभी राहिले. पोरांना म्हणायच्या, "माझा शाळा स्वच्छ पाहिजे, तुमचा नाक पण स्वच्छ पाहिजे." पण बाई कामाला कडक. दिवाळीनंतर त्यांनी ऑफिसातली सगळी कपाटं उघडली आणि क्लार्कला सांगितलं, जानेवारीत प्रत्येक नोकरमाणसाचे कागद तपासायचे, दाखला नसेल त्याने जुन्या शाळेतून नवा आणायचा. क्लार्कने ते मला सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. चहा सांडला नाही. एवढं एक मी त्या दिवशी बरं केलं.

माझ्या जुन्या शाळेतून नवा दाखला आणायचा म्हणजे त्यावर चौथी येणार. नोकरी गेली असती तर मी काजूच्या कारखान्यात गेले असते, हात काळे करून घेतले असते, मला काही वाटलं नसतं. पण वैशालीची दहावी पुढच्या वर्षी होती. मधूनच शाळा सुटली असती, आणि आई खोटारडी म्हणून सुटली असती. पोरगी मिरवण्याइतकी हुशार नव्हती, पण दहावी होईल एवढी नक्की होती. मला तेवढंच हवं होतं, ती दहावी होईस्तोवर कुणाला कळू नये. त्यापुढे शाळेने मला फाशी दिली असती तरी चाललं असतं.

डिसेंबर लागला तशी शाळेत नाताळची गडबड सुरू झाली. बांबूच्या कामट्यांचे आणि पतंगाच्या कागदाचे तारे, व्हरांड्याच्या कोपऱ्यात गवताचा गोठा, आणि दुपारभर कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात फराळ. सिस्टरांच्या फराळात नेवऱ्या असतात. नेवऱ्या म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या करंज्या. कुलकुल म्हणून एक प्रकार असतो, त्यात मैद्याची गोळी नव्या फणीवर दाबून गुंडाळायची आणि तळायची. मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, फणी नवीन कशाला, जुनी चालणार नाही का, तेव्हा म्हाताऱ्या मदर पाच मिनिटं हसत होत्या. जैबुन रोजा असून तळायला बसायची. तिला चव बघता यायची नाही, म्हणून ती वास घेऊन सांगायची, "साखर कमी हाय." आणि खरंच कमी असायची. गोठ्यात मरियम, जोसेफ, दोन मेंढरं आणि एक उंट मांडून झाले, पण बाळ मांडत नाहीत, ते चोवीस तारखेच्या रात्री. मी एकदा आधीच बाळ ठेवलं होतं. आईबाप जनावरांसकट रिकाम्या गवताकडे टक लावून बसलेत हे बघवत नव्हतं. फार बोलणी खाल्ली.

अशात सिस्टर जसिंता पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आल्या. तिथे त्यांना सांगितलं होतं म्हणे, की सणाच्या दिवसांत माणसाचं मन थकतं, ते सांभाळलं पाहिजे. आता माझ्या नातीच्या मोबाइलवर हेच रोज येतं, दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, स्वतःसाठी वेळ काढा. तेव्हा ते नवीन होतं. सिस्टरांनी स्वतःच्या हाताने मराठीत सूचना लिहिली आणि व्हरांड्यात लावली. लवकर झोपा. तळलेले कमी खा. घरच्यांशी गोड बोला. आणि शेवटी, "विद्यार्थी, पालक, शिक्षक, शिपाई, सर्वांनी या वर्षाची आपली एक चिंता कागदावर लिहून पेटीत टाकावी. नाव लिहू नये. कागद गोठ्यापाशी ठेवले जातील."

त्यांना लिहायचं होतं चिंतन. वर्ष कसं गेलं, काय शिकलो, देवाने काय दिलं, असलं काहीतरी. लिहिलं चिंता. मराठीच्या आठल्येबाईंनी ती सूचना माझ्यासमोर दोनदा वाचली. बाईंच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. मी विचारलं, "काय बाई?" त्या म्हणाल्या, "काही नाही. सिस्टरांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार." प्रिन्सिपलचं मराठी तपासायची कोणाची हिंमत नव्हती, आणि शिवाय मजकुराला अर्थ होता. चिंता लिहा, पेटीत टाका, देवापुढे ठेवतो. नवसासारखंच झालं. बाकी आम्हाला कोणालाच त्यात चूक दिसली नाही.

पेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याची होती, वर चीर पाडलेली. चार दिवसांत गच्च भरली. चिंतन लिहा म्हटलं असतं तर दहा कागद आले नसते. मीही टाकला. सिस्टरांच्या धर्मात पेटीसारख्या जागेत जाऊन फादरना पाप सांगतात, सोय चांगली आहे. आमच्यात सांगावं लागत नाही, शेजाऱ्यांना आपोआप कळतं. पण मी हे आठ वर्षं पोटात ठेवलं होतं आणि फुकटची पेटी समोर होती. हरवल्या-सापडल्याच्या वहीचं लाल समासाचं पान फाडलं आणि लिहिलं, "मी चौथी शिकले, सातवी सांगितली. मुलीची दहावी होईस्तोवर कळू नये." नाव लिहिलं नाही. माझं अक्षर आणि माझ्या वहीचं पान, एवढी अक्कल मात्र त्या वेळी चालली नाही.

सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मैदानात सभा होती. पोरं मांडी घालून बसलेली, पालक मागे खुर्च्यांवर, आम्ही दोघी कडेला केकच्या परातींपाशी. कॅरोल झाली, नाटक झालं, त्यात एका मेंढराला उलटी झाली. मग सिस्टर उठल्या आणि टेबलावर पेटी ठेवून म्हणाल्या, "आता आपण तुमचा सुंदर सुंदर विचार ऐकणार. आठल्येटीचर वाचणार."

 जैबुनने माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटली, "वाचनार? देवाकडं ठेवनार म्हनाली ना गो ती?"

आठल्येबाईंनी पहिला कागद उघडला, मनात वाचला आणि सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "वाचा, वाचा, लाजू नका." बाईंनी वाचलं, "माझे बाबा दुबईहून येणार येणार म्हणतात आणि येत नाहीत." सिस्टरांनी हसून मान डोलावली. त्यांना वाटलं, बाबा येणार, आनंदाची गोष्ट. दुसरा कागद, "गणिताच्या सरांची पट्टी." पोरं हसली, सर केककडे बघायला लागले. तिसरा मोठ्या माणसाचा होता. "सासूबाईंची तब्येत सुधारत चालली आहे." सिस्टर म्हणाल्या, "देवाची कृपा." मागच्या खुर्च्यांवर जो हशा पिकला तो थांबेना, आणि तीन सासवा आपापल्या सुनांकडे वळून बघायला लागल्या. पेटी उघडी होती. वरच्या थरातच लाल समास मला इथून दिसत होता. मधे चारपाच कागद, फार तर.

"जैबुन, माझा येतोय," मी म्हटलं.

"खंयचा?"

"तो लाल रेघेचा."

तिने परात खाली ठेवली. "मी पडू काय?"

"काय?"

"चक्कर येऊन गो. रोजा हाय, कोन नाय म्हननार नाय. रोज्यात खोटं बोलायचं नाय, पन पडायला काय हरकत हाय?" आणि माझं उत्तर यायच्या आत ती टेबलासमोर जाऊन अशी काही पडली की मला क्षणभर खरंच वाटलं. तिचं वजन बेताचं नव्हतं. धूळ उडाली. सगळे धावले. सिस्टर पहिल्या. कोणीतरी तांब्या आणला, सिस्टरांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या ओठाला लावला. जैबुनने दात घट्ट मिटले. सिस्टर म्हणाल्या, "प्या, प्या, थोडा प्या." जैबुन डोळे मिटून, दातांतून, स्पष्ट म्हणाली, "रोजा हाय." बेशुद्ध बाईने एवढं व्यवस्थित बोललेलं पोरांनी कधी ऐकलं नव्हतं. सगळं मैदान हसायला लागलं.

मी तेवढ्यात पेटीत हात घातला, लाल समासाचा कागद काढला आणि पोलक्यात खुपसला. कोणी बघितलं नाही. सभा तिथेच मोडली, केक वाटला, पोरं घरी गेली. जाता जाता त्यांनी सिस्टरांचं नाव सिस्टर चिंता ठेवलं. ते शेवटपर्यंत टिकलं. आजही कोणी जुना विद्यार्थी बाजारात भेटला तर तेच विचारतो, सिस्टर चिंता कुठे असतात आता.

मी वाचले होते. इथे थांबायला हवं होतं. दुपारी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात पराती ठेवायला गेले तर सिस्टर जसिंता कट्ट्यावर, कुलकुलच्या पातेल्याशेजारी, एकट्या बसलेल्या. आठल्येबाईंनी त्यांना शेवटी चिंता आणि चिंतन यातला फरक सांगितला होता. जून ते डिसेंबर गप्प बसलेल्या बाईंना नेमकी आज हिंमत झाली होती. सिस्टरांचा चष्मा हातात होता. डोळे लाल.

"मावशी," त्या म्हणाल्या, "त्या मुलीचा बाबा येत नाही. आणि मी हसली."

मी म्हटलं, "तिला तुमचं मराठी माहीत आहे. तिने मनावर घेतलं नसेल."

हे सांत्वन म्हणून काही खास नव्हतं. त्या आणखी रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "मला विचारला होता, मराठी येतो का. मी म्हटला, येतो. मला यायचा होता. इथे समुद्र आहे, माझ्या घरासारखा. मी खोटा बोलली."

मला आता विचारतात, तेव्हा तुला काय झालं. दया आली का, देवाने बुद्धी दिली का. तसलं काही नाही. मला राग आला. ही बाई एका खोट्यासाठी एवढ्या मोकळेपणाने रडत होती, तेही शहाणी, प्रिन्सिपल, आणि मी तेवढंच खोटं पोलक्यात घालून तिला धीर देत उभी होते. घामाने कागद अंगाला चिकटला होता. मी तो काढून तिच्यासमोर ठेवला.

त्यांना माझं अक्षर लागेना. मीच वाचून दाखवलं. स्वतःचा गुन्हा स्वतः मोठ्याने वाचणं कोणावर येऊ नये, त्यात शुद्धलेखनाच्या चुकाही कळतात.

 मला वाटलं, सिस्टर आता मला जवळ घेणार. त्यांनी चष्मा लावला. "मी मराठी शिकणार," त्या म्हणाल्या. "पण तुझा सातवी मी लिहू शकत नाही."

"माहीत आहे."

"शिपाईला सातवी पाहिजे. सफाईला नको. जैबुनबरोबर काम करणार?"

"आणि वैशाली?"

"सफाईची मुलगी पण शाळेची मुलगी." मग त्या म्हणाल्या, "शिपाईचा पगार देता येणार नाही." त्याचं त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण वाईट वाटून त्या पुढे एक पाऊल सरकल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांना मानते. नुसत्या गोड बोलल्या असत्या तर मी आज त्यांच्यावर एवढी पानं खर्च केली नसती.

घरी येऊन वैशालीला सांगितलं, आई आता घंटा देणार नाही, संडास धुणार. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "तू सातवी नाहीस ते मला पाचवीपासून माहीत आहे. माझा गृहपाठ बघताना तू पुस्तक उलटं धरायचीस." मी म्हटलं, ते फक्त इंग्रजीचं. ती म्हणाली, "हो, पण मान हलवायचीस." खालून जैबुनने हाक मारली, "भाकरी झाली काय गो? रोजा सोडून झाला, सुकट पन भाज आता."

जानेवारीत सगळ्यांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. क्लार्क बाजूला, आठल्येबाई दाखले चाळत, आणि रजिस्टर सिस्टरांच्या स्वतःच्या हातात, कारण त्यांना मराठी लिहायचा सराव करायचा होता. माझी पाळी आली. सिस्टरांनी काम विचारलं, मी म्हटलं, सफाई. शिक्षण विचारलं. आठल्येबाईंनी मान वर केली. मी म्हटलं, "चौथी." आवाज चांगला मोठा निघाला, दारातल्या रांगेलाही गेला. सिस्टरांनी जीभ दातात धरून, सावकाश, अक्षर अक्षर लिहिलं आणि खात्री करायला रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. त्यांनी लिहिलं होतं, "चौधी."

आठल्येबाईंनी बघितलं आणि गप्प बसल्या. मी म्हटलं, "सिस्टर, हा ध झाला. थ वेगळा." आणि त्यांच्या हातातलं पेन घेऊन बाजूला काढून दाखवला. त्यांनी त्यांचा ध खोडला आणि वर माझ्यासारखाच मोठा, वाकडा थ काढला.